एक्सोसोमच्या इंजेक्शनने गुडघेदुखी बरी होते का?
म्हापशाहून आपण विचारले आहे की, आईंच्या गुडघ्यात एक्सोसोमचे इंजेक्शन घ्यावे का. माझे स्पष्ट मत असे की, आज घेऊ नये.

एक्सोसोम म्हणजे पेशींनी बाहेर सोडलेल्या, साधारण ३० ते १५० नॅनोमीटर व्यासाच्या, मेदाचे आवरण असलेल्या पिशव्या. त्यांत प्रथिने आणि आरएनए (पेशीतील सूचना वाहून नेणारे रेणू) असतात. १९८३ मध्ये मेंढीच्या अपरिपक्व तांबड्या पेशींचा अभ्यास करताना त्या आढळल्या, तेव्हा पेशी नकोसा ऐवज त्यांतून टाकून देते, एवढेच मानले गेले. पुढे कळले की, दुसरी पेशी त्या आत घेते आणि त्यातील आरएनएमुळे तिचे वागणेही बदलू शकते. म्हणूनच औषध नेमक्या पेशीपर्यंत पोहोचवण्यासाठी आणि दाह कमी करण्यासाठी त्यांच्यावर संशोधन चालू आहे, आणि ते खरोखर आशादायक आहे. मात्र प्रत्येक खेपेत दर्जा व मात्रा सारखी राखणे फार कठीण जाते. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१९ मध्ये, नेब्रास्कातील रुग्णांना गंभीर दुष्परिणाम झाल्यावर, अशा उत्पादनांविषयी जाहीर इशारा दिला होता.

आईंना आधी बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) अस्थिरोग विभागात दाखवा. तरीही कोणी हे इंजेक्शन सुचवलेच, तर ते नोंदणीकृत क्लिनिकल ट्रायलचा भाग आहे का, हे लेखी मागून घ्या.