जुन्या जिप्सीत रेसिंग सीट आणि हार्नेस बसवायचा आहे. सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की निपाणीत जुनी जिप्सी घेतली, ऑटोक्रॉसला, म्हणजे मातीच्या मैदानावरच्या शर्यतीला उतरायचंय, रोल केज (गाडी पलटली तर माणसाला वाचवणारा पाइपांचा सांगाडा) झाला, बकेट सीट आणि चार पट्ट्यांचा हार्नेस, म्हणजे शर्यतीचा सीटबेल्ट, ऑनलाइन मागवला, आणि वेल्डर उद्या येतोय. वेल्डरला आधी फोन करून सांगा, उद्या नको.

मी बेळगावात उद्यमबागेत फॅब्रिकेशन करतो. माझ्या पहिल्या गाडीत मीही आधी वेल्डिंग उरकलं आणि मग सीटवर बसलो. खांद्याचे पट्टे मागच्या सीटबेल्टच्या भोकांत, म्हणजे जवळजवळ फरशीलाच अडकवले. आयतं भोक होतं, मग नवं कोण पाडतो? तांबड्या मातीच्या एका बांधावर गाडी नाकाडावर आपटली. पट्टे वरून खाली इतके उभे होते की मागं धरण्याऐवजी त्यांनी मला खालीच दाबलं, आणि झटका सगळा मणक्यानं खाल्ला. पुढचे दोन महिने मी बाहेर गेलो की बाकड्याऐवजी भिंतीला टेकून उभा राहायचो.

म्हणून आधी माणूस, मग सीट, मग पट्टे. ज्याला चालवायचंय त्यानं बूट-हेल्मेट घालून सीटमध्ये बसायचं. पाठ पूर्ण टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पोचलं पाहिजे, आणि क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. डोकं वरच्या पाइपापासून किती लांब राहतं तेही तेव्हाच बघा. सीट निदान चार ठिकाणी, ८ मिमीच्या बोल्टनं बसते. मूळ सरकती रेल शक्यतो काढूनच टाका.

आता खांद्याचे पट्टे. केजला सीटच्या मागं एक आडवा पाइप घ्या, चालवणाऱ्याच्या खांद्याच्या उंचीला किंवा किंचित खाली. पट्टे मागं उतरताना आडव्या रेषेशी ४५ अंशांपेक्षा जास्त कोन नको, अशी एफआयएच्या, म्हणजे जागतिक मोटर-रेसिंग संघटनेच्या नियमात मर्यादा आहे, पण शिफारस १० अंशांच्या आतलीच. पाइपाची उंची खांद्यावरून ठरते आणि खांदा सीटवरून, म्हणून उद्या वेल्डर नको.

कमरेचा पट्टा पोटावर बांधायचा नाही. आमच्या आखाड्यातल्या वस्तादांनी एकदा गाडीत डोकावून विचारलं होतं, "पोटावर बांधायलास व्हय रं?" लंगोट जिथं आवळतो तिथंच हा पट्टा हवा, कमरेच्या हाडाखाली, मांडीच्या खोबणीत. पोटावर सरकला तर धडकेत आतडी चिरडतात. तुमच्या चार पट्ट्यांच्या हार्नेसची अडचणही इथंच आहे. खांद्याचे पट्टे आवळले की ते कमरेचा पट्टा वर ओढतात आणि माणूस खालून पुढं घसरतो. त्याला धरून ठेवायला मांड्यांमधून येणारे पट्टे लागतात. परत करता येत असेल तर परत करा, सहा पट्ट्यांचा घ्या. आवळताना आधी कंबर, खांदे शेवटी.

पट्ट्यांची टोकं सीटला किंवा सीटच्या ब्रॅकेटला कधीच लावू नका. ती गाडीच्या अंगाला जातात. जिप्सीच्या फरशीचा पत्रा नुसता भोक पाडून धरणार नाही. निदान ३ मिमी जाड आणि ४० चौ. सेंमी. क्षेत्रफळाची लोखंडी प्लेट लागते. बोल्ट १२ मिमीचा, ८.८ ग्रेडचा. गंजलेला भाग असेल तर आधी तो कापून काढा, मग प्लेट.

हॅन्स, म्हणजे हेल्मेटला बांधून डोकं-मान धरणारी खांद्यावरची कॉलर, लागतो का, हेही विचारलंय. लागतो. पट्टे छाती धरतात, पण डोकं हेल्मेटच्या वजनासकट पुढं जातच राहतं आणि कवटीचा तळ तुटतो. २००१ मध्ये अमेरिकेत डेटोनाच्या शर्यतीत रेसर डेल अर्नहार्ट असाच गेला. मिशिगनचे प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड यांनी त्यांचे मेव्हणे, रेसर जिम डाउनिंग यांच्यासाठी ही कॉलर तयार केली होती. २००३ पासून फॉर्म्युला वनमध्ये ती सक्तीची आहे. मात्र खांद्याचे पट्टे पाइपावर फार लांब-लांब बांधले तर कॉलर त्यांच्याखालून निसटते. जवळ-जवळ बांधा.

केजवर एसीच्या पाइपावर चढवतात तो काळा मऊ फोम लावू नका. तो बोटानं दबतो, डोक्याला काय थांबवणार? कडक, रेसिंगचाच घ्या. आणि एक, केज बसवलेली गाडी हेल्मेटशिवाय खानापूर रोडवर फिरवायची हौस नको. साध्या धक्क्यातही डोकं पाइपावर बसतं, आणि असा बदल रस्त्यावर कायद्यालाही चालत नाही. मैदानावर टेम्पोतून न्या.

अग्निशामक २ किलोचा, पट्टे आवळल्यावर हात पोचेल तिथं, दोन धातूच्या पट्ट्यांत. प्लास्टिकच्या क्लिपमधला पलटी होताना तुमच्याच तोंडावर येतो. कट-ऑफ स्विच, म्हणजे गाडीची वीज एका झटक्यात बंद करणारा, नुसता बॅटरी तोडणारा घेतला तर अल्टरनेटरच्या करंटवर इंजिन चालूच राहतं. दोन्ही तोडणारा घ्या, आणि चालू इंजिनवर दाबून बघा.

हार्नेसवरचं एफआयएचं लेबल वाचा. त्यावर वर्ष असतं, ते उलटलं की स्क्रूटिनीत, म्हणजे शर्यतीआधीच्या तपासणीत, परत पाठवतात. धडक झाली की पट्टे बदलायचे, दिसायला कितीही चांगले असले तरी. बकलमध्ये आपली तांबडी माती फार बसते. पाण्यानं धुवा, तेल घालू नका, तेलाला उलट जास्तच चिकटते.

सगळं झालं की हेल्मेट-हॅन्ससकट पट्टे आवळून बसा, डोळे मिटा आणि बाहेर पडून दाखवा. मग दुसऱ्या दारानं. माझा बूट पहिल्या खेपेला पट्ट्यातच अडकला होता.