पोटॅशियम जास्त खाल्ल्याने रक्तदाब खरंच कमी होतो का?

हो, होतो. ज्यांचा रक्तदाब आधीच वाढलेला आहे आणि जेवणात मीठही जास्त आहे, त्यांना फरक अधिक दिसतो. पोटॅशियम पुरेसं मिळालं की मूत्रपिंडं जादा सोडियम लघवीवाटे बाहेर टाकतात, रक्तवाहिन्याही सैलावतात.

चीनमधल्या ६०० खेड्यांतला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पक्षाघात होऊन गेलेले किंवा साठीपुढचे, रक्तदाब असलेले सुमारे २१,००० लोक त्यात होते. निम्म्या गावांना २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ दिलं. तिथे पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी राहिलं. बदललं होतं फक्त मीठ, म्हणून मला हा पुरावा फार मोलाचा वाटतो.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना रोज किमान ३,५१० मिलिग्रॅम पोटॅशियम सुचवते. एका केळ्यात साधारण ४००च असतं, तेव्हा वरण, उसळी, पालक, बटाटा, शहाळं असं सगळं हवं.

मात्र मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोनसारख्या गोळ्या चालू असतील, तर 'लो सोडियम' मीठ, म्हणजे असंच पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं मीठ, स्वतःहून सुरू करू नका. रक्तात पोटॅशियम साठलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. आधी डॉक्टरांना विचारा. आणि चालू गोळ्या मनाने बंद करू नका.