पपईवरचा रिंगस्पॉट व्हायरस: फवारणीने का जात नाही, आणि आता काय करायचं

तुम्ही लिहिलंय की तैवान ७८६ या पपईच्या जातीची बाग ४ महिन्यांची आहे, फुलं नुकती दिसू लागलीत, शेंड्याच्या पानांचा पाता आक्रसून शिराच उरल्यात. इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक दोनदा मारूनही रोगट झाडांची संख्या वाढतेय आणि दुकानदार आता ‘व्हायरसचं औषध’ देतोय. ती बाटली घेऊ नका.

आधी रोगाची खात्री करा. पानांच्या देठावर आणि खोडाच्या वरच्या हिरव्या भागावर तेलकट, गडद हिरव्या रेघा आहेत का? असतील तर रिंगस्पॉटच; फळं धरल्यावर त्यांच्यावर गोल वलयंही दिसतात. शेजारच्या उसात किंवा ज्वारीत २,४-डी हे तणनाशक मारलं आणि वारा तुमच्याकडे असला, तरी पानं अशीच बारीक होतात, पण या रेघा येत नाहीत. पानं खाली-आत वळून जाड, कडक झाली आणि शिरा फुगल्या असतील तर तो पर्णगुच्छ. तो पांढऱ्या माशीमुळे येतो आणि त्याचा व्हायरस वेगळा.

रिंगस्पॉटचा व्हायरस म्हणजे सुमारे ८०० नॅनोमीटर लांब आणि १२ नॅनोमीटर जाडीचा लवचिक धागा. आत आरएनएची (जनुकीय माहिती वाहणाऱ्या रेणूची) एकच साखळी, साधारण १०,३०० अक्षरांची. बाहेर एकाच प्रथिनाच्या जवळपास २,००० प्रती. संपलं. बुरशीसारखी पेशीभित्तिका नाही, जिवाणूसारखा स्वतःचा रायबोसोम (प्रथिनं बनवणारं यंत्र) नाही, किडीसारखी मज्जासंस्था नाही. बुरशीनाशक, स्ट्रेप्टोसायक्लिन (जिवाणूंवरचं औषध) आणि कीटकनाशक अशाच गोष्टींवर घाव घालतात. इथे घाव घालायला जागाच नाही.

पेशीत शिरल्यावर प्रथिनाचं आवरण सुटतं. आतला आरएनए झाडाच्या स्वतःच्या संदेशवाहक आरएनएसारखाच वाचता येतो, म्हणून पपईचे रायबोसोम लगेच त्याच्यासाठी राबू लागतात. आधी ३,३०० हून जास्त अमिनो आम्लांचं एकच लांबलचक प्रथिन तयार होतं. मग त्यातलेच तीन कात्रीसारखे भाग त्याचे तुकडे पाडतात. त्यातला एक तुकडा आरएनएची उलट प्रत काढतो आणि तिच्यावरून नव्या प्रतींचा ढीग पाडतो. नव्या प्रती पेशींमधल्या सूक्ष्म वाटांनी शेजारी सरकतात, अन्नवाहिनीत पोचतात आणि तिथून शेंड्याकडे जातात. लक्षणं दिसायला साधारण २ ते ३ आठवडे लागतात. म्हणजे आज पिवळं दिसणारं झाड तितके दिवस आधीच आजारी होतं आणि शेजाऱ्यांना रोग देत होतं. लागण झालेलं झाड पुन्हा निरोगी होत नाही. उन्हाळ्यात लक्षणं सौम्य होतात आणि थंडीत पुन्हा उफाळतात. ‘औषधाने फरक पडला’ असं वाटतं ते बहुतेक वेळा यामुळेच.

आता इमिडाक्लोप्रिड का हरलं ते बघा. रोग पसरवतो मावा, पण तो पपईवर वस्ती करत नाही. उडत येतो, चव बघायला सोंड टोचतो, आवडलं नाही की पुढच्या झाडावर जातो. मिनिटभराच्या त्या टोचण्यात व्हायरस सोंडेच्या टोकाला चिकटतो (त्यासाठी व्हायरसचंच एक मदतनीस प्रथिन दुव्याचं काम करतं) आणि पुढच्या टोचण्यात उतरतो. औषधाने मावा मरेलही, पण तोवर लागण होऊन गेलेली असते. शिवाय औषधाने अस्वस्थ झालेला मावा जास्त झाडं टोचतो. पर्णगुच्छात असं होत नाही, कारण पांढऱ्या माशीला बराच जास्त वेळ रस शोषावा लागतो. तिथे कीटकनाशकाचा थोडा उपयोग होतो.

तुमच्या बागेत फुलोऱ्याआधी लागलेली झाडं विकण्याजोगं फळ देणार नाहीत. ६×६ फुटांवर एकरी १,२०० झाडं धरली आणि १०-२० च रोगट असली, तर आजच उपटून बागेबाहेर पुरा. दर ४ दिवसांनी फेरी मारा आणि रेघा दिसताच पुढचं झाड काढा. पाव बाग गेली असेल तर उपटण्याने रोग थांबत नाही. तेव्हा फळं धरलेली झाडं ठेवा, खत-पाणी नीट द्या आणि मिळेल ते काढा. निरोगी झाडांवर खनिज तेल १ टक्का, म्हणजे लिटरला १० मिली, संध्याकाळी आठवड्यातून एकदा मारा. सोंडेला व्हायरस चिकटण्यात ते अडथळा आणतं. नवीन पान उघडं राहतं, म्हणून आठवडा चुकवू नका. गंधक किंवा तांब्याच्या औषधात ते मिसळू नका, पानं करपतात. बागेत काकडी, कलिंगड, भोपळा असेल तर काढा, हाच व्हायरस त्यांच्यावरही राहतो.

पुढच्या लागवडीत रोपं ४० मेशच्या जाळीखालीच वाढवा आणि लावणीच्या ३-४ आठवडे आधी बांधाला मक्याच्या २-३ ओळी दाट पेरा. मावा आधी मक्यावर उतरतो, तिथे टोचतो आणि सोंड बरीचशी साफ होते. ‘व्हायरस-फ्री बियाणं’ म्हणून जादा पैसे मोजू नका, हा रोग बियाण्यातून येतच नाही. खऱ्या अर्थाने प्रतिकारक्षम ठरल्या त्या हवाईतल्या ‘रेनबो’ आणि ‘सनअप’ या जनुकीय बदल केलेल्या जाती. १९९२ मध्ये तिथल्या पुना भागात रोग शिरला आणि १९९८ मध्ये त्या शेतकऱ्यांच्या हाती आल्या. भारतात अशा पपईच्या लागवडीला परवानगी नाही.

जमिनीत हा व्हायरस टिकत नाही, त्यामुळे आळवणीवर खर्च करू नका. फक्त जुनी रोगट बाग उभी असताना तिच्या शेजारी नवी रोपं लावू नका. आधी ती पूर्ण काढा, शेजाऱ्यालाही त्याची काढायला सांगा, मग लावा.