शालेय अभ्यासक्रमात देशाची संस्कृती आणि मूल्यं खरंच उतरतात का?

सरकार बदललं की पुस्तकं बदलतात, मग या मूल्यांना अर्थ काय, असंही तुम्ही प्रश्नासोबत विचारलंय. प्रश्न वाचून गप्प बसवेना, म्हणून लिहितेय.

उतरतात हो, कागदावर कुठेच कमी नाही. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने दहा गाभाघटक, म्हणजे सगळ्या विषयांतून मुलांपर्यंत पोचवायची समान तत्त्वं, ठरवले, त्यावर आपल्या राज्याची दहा मूल्यं. माझ्या पिढीच्या कुठल्याही डी.एड. झालेल्या बाईला झोपेतून उठवा, वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, सौजन्यशीलता असं घडाघडा म्हणून दाखवेल. रोजच्या पाठाची तयारी लिहायच्या टाचणवहीत त्यासाठी वेगळा रकानाच असायचा. त्रिकोणाचं क्षेत्रफळ शिकवायचं असलं तरी तो रिकामा सोडायची सोय नव्हती. मग सगळे 'वैज्ञानिक दृष्टिकोन' लिहून मोकळे.

पण देशाला कशाची खरी किंमत आहे ते बघायचं असेल तर वेळापत्रक बघा. मी तालुक्याच्या गावी हायस्कूलला मराठी आणि कार्यानुभव, म्हणजे हाताने काम करत शिकायचा विषय, शिकवायचे. या कार्यानुभवाचं घराणं केवढं मोठं! १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला, झाकिर हुसेन समितीने त्याचा आराखडा केला, कोठारी आयोगाने १९६६च्या अहवालात 'कार्यानुभव' सुचवला. आणि आमच्याकडे? शेवटचा तास, गुण नाहीत, नुसती श्रेणी. परीक्षा जवळ आली की गणिताचे सर दारात हजर, "बाई, आजचा तास द्या ना, भूमिती राहिलीय." भूमितीचा तास कार्यानुभवाला द्या असं कुणी म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आता मूल्यांचं ऐका. आमच्या हेडसरांच्या सुवाच्य अक्षरात व्हरांड्यात एक यादी लावलेली असे. मुलींनी वर्ग झाडणे, पाणी शिंपडणे, रांगोळी. मुलांनी बाकं हलवणे, माईक लावणे. एकदा तपासणीला साहेब आले, नेमका माझा पाठ बघायला बसले. टाचणात गाभाघटक लिहिलेला, स्त्री-पुरुष समानता. मुलगे आधीच येऊन बसलेले. पाठ सुरू झाल्यावर पाच-सहा मुली हात ओढणीला पुसत आत आल्या, निळ्या कुडत्यांवर पांढरी धूळ. साहेबांनी विचारलं, मुली उशिरा का? हेडसर म्हणाले, "हॉलची स्वच्छता चालू होती, साहेब." साहेब खूश. शेरेबुकात लिहून गेले, 'शालेय परिसर स्वच्छ व प्रसन्न.'

त्या दिवशी स्टाफरूममध्ये मी म्हटलं, पुढच्या आठवड्यापासून हजेरीपटाच्या क्रमाने सगळेच झाडतील. हेडसर म्हणाले, "मुलींना सवय असते, बाई. पोरं नुसती धूळ उडवतात." तरी मी यादी बदलली. झालं, तिसऱ्याच दिवशी एक वडील तावातावाने आले. आमच्या घरात पुरुषाने कधी केरसुणीला हात लावला नाही, पोरगा शिकायला पाठवलाय. हेडसरांनी त्यांना चहा पाजला आणि मला सांगितलं, तुम्ही अभ्यासक्रमाकडे लक्ष द्या. मी म्हटलं, सर, हाच अभ्यासक्रम आहे, टाचण काढून दाखवू का?

यादी अर्थातच उतरली. मुली पुन्हा झाडायला लागल्या. त्यांच्याबरोबर काही मुलगेही झाडत राहिले, ते वस्तीवरचे. त्यांचे वडील तक्रार घेऊन येणार नव्हते. संडास धुवायची वेळ आली की कुणाला हाक मारली जायची, हे मी लिहायला हवं का?

म्हणून सीबीएसईच्या पुस्तकात महाराजांना किती ओळी दिल्या यावर लोक भांडतात तेव्हा मला वाटतं, भांडा, तेही हवंच, पण थोडं भांडण व्हरांड्यातल्या यादीवरही करा. जपानमध्ये मुलं स्वतःचा वर्ग पुसतात तो व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर टाकणारेच आपल्या मुलाच्या हातात खराटा दिसला की शाळेत फोन करतात.

पुस्तकं सुधारली नाहीत असं नाही. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ साली आई-बाबा दोघं मिळून भाजी निवडतानाचं चित्र आलं, मला फार बरं वाटलं. २०२०च्या नव्या धोरणात सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना, सुतार, कुंभार, माळी यांच्याकडे जाऊन काम शिकायचं, असंही आहे. चांगलंच आहे. मात्र फोटो काढून झाल्यावर त्याच सुताराला मुलं 'अहो' म्हणतात की 'ए', तिथे खरी परीक्षा.

सगळ्याच शाळा अशा नसतात, हेही सांगायला हवं. एक-दोन शिक्षकांच्या जिल्हा परिषद शाळांत शिपाईच नसतो, तिथे गुरुजी स्वतः झाडताना मी पाहिलेत. आणि घरातून आलेलं सगळं शाळेने पुसावं ही अपेक्षाही जरा जास्तच.

तुमचं मूल शाळेत जात असेल तर पुस्तक चाळत बसू नका. सकाळी प्रार्थनेआधी जाऊन उभे राहा आणि झाडू कुणाच्या हातात आहे ते बघा. मुख्याध्यापक 'मुलींना सवय असते' म्हणाले, तर मुलांना ती कधी लावणार, एवढंच विचारा. मीही विचारलं होतं. उत्तरादाखल पुढच्या जूनमध्ये माझ्याकडचा कार्यानुभव काढून ग्रंथालय दिलं.