बाई का गेल्या?

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली की पहिल्या दोन आठवड्यांत माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या पालकांचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो. "सकाळी पोट दुखतं म्हणते, रविवारी मात्र ठणठणीत. खोटं बोलत असेल का? घरी ठेवू की पाठवू?" याचं उत्तर म्हणून मी एका मुलीची गोष्ट सांगते. तिला इथे मनू म्हणूया. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि आईबाबांची परवानगी घेतली आहे.

मनू तिसरीत, मराठी माध्यमाच्या शाळेत. दुसरं सत्र सुरू झाल्यापासून आठ दिवसांत ती दोनदाच शाळेत गेली होती. आजीने ओवा देऊन पाहिला, पोटाला हिंग लावून पाहिला, दृष्टही काढली. बाबांचं मत पडलं की सगळी नाटकं आहेत, सुट्टीत लाडावून ठेवलीय. आई दोघांच्या मध्ये अडकलेली. ती माझ्याकडे आली तेव्हा हातात मोबाइल होता आणि मोबाइलवर शाळेचं परिपत्रक उघडलेलं होतं.

आधी पोटाचं सांगते. मी पहिल्या भेटीतच मनूला बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं आणि तसं नेहमीच पाठवते. दुखणं झोपेतून उठवणारं असेल, उजव्या बाजूला खाली असेल, सोबत ताप, उलट्या किंवा शौचात रक्त असेल, वजन घटत असेल, तर तो समुपदेशनाचा विषय नव्हेच. मनूचं यातलं काही नव्हतं. बेंबीच्या आसपास दुखायचं, सकाळी सात ते दहा. डॉक्टरांनी तपासून काळजीचं कारण नाही असं सांगितलं. त्यावर बाबा म्हणाले, "बघा, मी म्हणत होतो ना, काही नाहीये."

इथे मी त्यांना थांबवलं. तपासणीत काही सापडलं नाही म्हणजे दुखत नाही असं नसतं. आतडी आणि मेंदू यांच्यात सतत देवाणघेवाण चालू असते. भीती वाटली की आतड्यांची हालचाल बदलते आणि पोटात खरोखर कळ येते. मोठ्यांना परीक्षेच्या सकाळी संडासला दोनदा जावं लागतं, तेव्हा त्यांना कुणी खोटं म्हणत नाही. आठ वर्षांच्या मुलीला "शपथ घे, खरंच दुखतंय?" असं विचारलं, की ती पुढच्या वेळी फक्त जास्त मोठ्याने कण्हते. विश्वास बसावा म्हणून तिला तेवढंच करता येतं.

आता परिपत्रक. 'द्वितीय सत्राचे नियोजन' असं शीर्षक होतं. संकलित मूल्यमापनाच्या उत्तरपत्रिका दाखवण्याचा दिवस, क्रीडा सप्ताह, डिसेंबरात स्नेहसंमेलन, जानेवारीत सहल, दररोज स्वाध्याय, तिसरीचा वर्ग तळमजल्यावरून पहिल्या मजल्यावर. सातव्या क्रमांकावर एक ओळ होती: तिसरीच्या वर्गशिक्षिका वैयक्तिक कारणास्तव रजेवर जात असून त्यांच्या जागी नवीन बाई येतील.

आईची काळजी अभ्यासाची होती. नवीन बाई कशा असतील, पाढे कोण पक्के करून घेणार, रोजचा स्वाध्याय ही झेपवेल का. स्वाध्यायाबद्दल मी तिला सांगितलं की केंद्राच्या २०२०च्या शालेय दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नको आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, असं म्हटलेलं आहे. पालकसभेत हे जरूर विचारावं, भांडण न करता. पण मनूच्या पोटात पाढे दुखत नव्हते, हे मला दिसत होतं. सुट्टीतही ती आजीसमोर पंधराचा पाढा म्हणून दाखवत होती.

मनूशी बोलताना मी "शाळेत का जात नाहीस?" हा प्रश्न टाळला. या वयाच्या मुलांना 'का' विचारलं की आपण काहीतरी चुकलो आहोत असंच ऐकू येतं. मी कागद आणि रंगीत खडू दिले आणि म्हटलं, मला तुझी शाळा माहीत नाही, वाट चुकू नये असं चित्र काढून दे. तिने जुना वर्ग इतका बारकाईने काढला की दारामागचं केरसुणीचं खिळ्यावर टांगलेलं दोरसुद्धा होतं. बाईंचं टेबल, त्यावर खडूचा डबा. मग जिना. जिना कागदाच्या अर्ध्या भागात. आणि वर काहीच नाही, कोरं.

"वर काय आहे?"

"माहीत नाही. सहावी-सातवीची मुलं जिन्यातून पळत येतात."

मला वाटलं, सापडलं, जिन्याची भीती. जिन्यावरच बोलत बसले आणि ती भेट संपली. पण दुखणं तसंच राहिलं. दुसऱ्या भेटीत मी जुन्या वर्गातलं बाईंचं टेबल दाखवून म्हटलं, इथे बाई काढायच्या राहिल्या. मनू बराच वेळ खडूचा कागद सोलत बसली. मग खाली बघूनच म्हणाली, "त्या गेल्या. आम्ही खूप गोंगाट करायचो ना, म्हणून. सुट्टीच्या आधी म्हणाल्या होत्या, तुमच्यामुळे माझं डोकं दुखतं. सगळ्यात जास्त मीच बोलायचे."

पंधरा दिवस हे त्या मुलीच्या पोटात होतं. रात्री झोपेचं सोंग घेऊन तिने आईबाबांचं बोलणं ऐकलं होतं: बाई सोडून चालल्या, ऐन वर्षाच्या मध्ये, आता कसं होणार. का चालल्या ते त्या बोलण्यात नव्हतं. ते मनूने स्वतः भरून काढलं. या वयात मूल जगातल्या घडामोडींचं कारण आधी स्वतःत शोधतं. आजोबा आजारी पडले तरी आणि आईबाबा भांडले तरी. नव्या बाईंसमोर जाऊन बसायचं, म्हणजे आधीच्या बाईंना घालवणारी मुलगी म्हणून जाऊन बसायचं.

बाहेर बसलेल्या आईला मी विचारलं, बाई का रजेवर गेल्या? ती सहज म्हणाली, "अहो, त्यांना सातवा महिना लागलाय. बाळंतपणाची रजा. मुलांना काय सांगायचं ते, म्हणून बोललो नाही."

आईला दोष द्यावा असं मला वाटत नाही. शाळेनेही सभ्यपणे 'वैयक्तिक कारणास्तव' लिहिलं होतं. सत्राच्या सगळ्या बातम्या मोठ्यांसाठीच लिहिल्या जातात. मुलांपर्यंत पोचते ती मोठ्यांची कुजबुज. पण वर्ग कुणाचा बदलतो, बाई कुणाच्या जातात? मला याचं फार वाईट वाटतं आणि दर सत्राला पुन्हा वाटतं.

त्या रात्री आईने मनूला कुशीत घेऊन सांगितलं. मनूने आधी विचारलं, "म्हणजे आम्ही गप्प बसलो असतो तरी त्या गेल्या असत्या?" हा प्रश्न तिने चार दिवसांत तीनदा विचारला. मी आईला बजावलं होतं की दर वेळी नव्याने, तेवढ्याच शांतपणे उत्तर द्यायचं. एकदा सांगितलं ना, असं म्हणायचं नाही.

बाकीचं काम तसं साधं होतं. शनिवारी शाळा सुटल्यावर मुख्याध्यापिकांच्या परवानगीने मायलेकी वरच्या मजल्यावर जाऊन आल्या. वर्ग, पाण्याची टाकी, मुलींचं स्वच्छतागृह आणि त्याची कडी मनूने स्वतः लावून-उघडून पाहिली. सोमवारपासून शाळा रोज, पोट दुखलं तरी. पहिले तीन दिवस फक्त मधल्या सुट्टीपर्यंत. घरी ठेवल्याने त्या दिवसापुरतं बरं वाटतं, पण दुसऱ्या दिवशी उंबरठा आणखी उंच होतो. अगदीच राहावं लागलं तर टीव्ही, मोबाइल नाही, अंथरुणात विश्रांती. बाबांनी स्कूटरवरून सोडायचं कबूल केलं. जाताना "आज दुखतंय का?" असं विचारायचं नाही, हे त्यांना सर्वांत अवघड गेलं.

दुसऱ्या सोमवारी पुन्हा कळ आली, रडारड झाली, आईचा मला फोन आला. असं होतंच. तरी बाबा तिला सोडून आले. तिसऱ्या आठवड्यात डबा पूर्ण संपून येऊ लागला. स्नेहसंमेलनाच्या सकाळी पोट जरा दुखलं, आणि तरीही ती कोळीनृत्यात नाचली.

मुख्याध्यापिकांशीही मी बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. आता पालकांच्या गटावर परिपत्रक टाकण्याआधी वर्गशिक्षिका ते परिपाठात मुलांना त्यांच्या भाषेत सांगतात आणि प्रश्न विचारू देतात.

जानेवारीत शाळेत पेढे आले. शेवटच्या भेटीला मनू माझ्यासाठी एक पेढा रुमालात बांधून घेऊन आली. बाळ पहिलीत कधी येणार, तिने विचारलं. सहा वर्षांचं झाल्यावर, मी म्हटलं. तिने बोटांवर मोजलं, एकदा चुकली, पुन्हा मोजलं.

"तेव्हा मी दहावीत," ती म्हणाली. "त्याला सांगायला हवं, जिन्यात डाव्या बाजूने चालायचं."