साधा हेडफोन घ्यायचा तरी ठरता ठरत नाही, आणि घेतल्यावर दुसराच बरा होता असं वाटत राहतं. जास्त ऑप्शन असले की असंच होतं का?

होतं, पण दरवेळी नाही, आणि माझ्या मते दोष नुसत्या संख्येचा नाहीये.

हा विषय निघाला की जॅमचा प्रयोग हमखास सांगितला जातो. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांनी 2000 साली छापलेला. दुकानात 24 प्रकारचे जॅम मांडले तेव्हा टेबलापाशी जास्त लोक थांबले पण त्यातल्या जेमतेम 3 टक्के लोकांनी घेतला, आणि 6 च मांडले तेव्हा 30 टक्के लोकांनी. ऐकायला झकास. पण 2010 मध्ये अशा 50 प्रयोगांचे आकडे एकत्र करून बघितले तर सरासरी परिणाम जवळपास शून्य निघाला, म्हणजे कुठे लोक अडकले तर कुठे उलट खूश झाले (हे सांगायचं मात्र सगळे सोयीस्कर विसरतात). नंतर 2015 च्या अभ्यासात दिसलं की घोळ जास्त कधी होतो, तर आपल्याला नक्की काय हवंय हेच ठरलेलं नसतं किंवा वस्तूंची एकमेकींशी धड तुलनाच होत नाही तेव्हा.

हेडफोनचं तेच आहे ना. एकाची बॅटरी जास्त चालते, दुसऱ्याचा माइक चांगला, तिसरा म्हणे कानाला टोचत नाही. आता बॅटरी आणि टोचणं एका तराजूत कसं घालणार? मग माणूस रिव्ह्यूत घुसतो. मी तर चांगलं रेटिंग असलेल्या वस्तूचे मुद्दाम एक स्टारवालेच रिव्ह्यू उघडतो, तिथे कुणीतरी लिहिलेलं असतं की डिलिव्हरीवाला उद्धट होता, आणि तेवढ्यावरून ती वस्तू मनातून उतरते!

घेतल्यावरची चुटपुट हे वेगळंच प्रकरण आहे. डॅनियल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट यांच्या 2002 च्या प्रयोगात विद्यार्थ्यांना फोटोग्राफी शिकवली आणि स्वतःच काढलेल्या दोन फोटोंपैकी एकच ठेवायला दिला. काहींना सांगितलं आता बदल नाही, काहींना सांगितलं वाटलं तर थोड्या दिवसांत बदलून घ्या. ज्यांना बदलायची सोय होती त्यांनाच आपला फोटो कमी आवडला. आणि गंमत म्हणजे आधी विचारलं तर जास्त जणांना ती सोय हवीच होती. आपल्या ऑनलाइन खरेदीत रिटर्नची मुदत असते ती हीच की, त्यामुळे वस्तू घरात आली तरी मनात खरेदी चालूच राहते.

अर्थतज्ज्ञ हर्बर्ट सायमन यांनी 1950 च्या दशकातच म्हटलं होतं की माणूस सगळ्यात उत्तम शोधत बसूच शकत नाही, पुरेसं चांगलं मिळालं की थांबतो. तेच मुद्दाम करायचं. बजेट आणि दोनच अटी आधी लिहून काढा, त्यात बसणारा पहिला दिसला की ऑर्डर टाका. (कर्ज, विमा, ऑपरेशन असल्या गोष्टीत मात्र हे करू नका हां, तिथे वेळ गेला तरी चालेल.) आल्यावर दोन-तीन दिवस नीट वाजवून बघा, बिघाड नसेल तर ते अॅपमधलं विशलिस्टचं पान रिकामं करा आणि खोका रद्दीत टाका.