बफेलोला येतोयस? आधी वाऱ्याची दिशा बघायला शीक

कोथरूडहून जानेवारीत इकडे अमेरिकेत, बफेलोला येतोय, किती इंच बर्फ पडणार ते फोनवर बघून दिवस ठरवता येईल का, असं विचारलंयस. मला इथं नऊ हिवाळे झाले. तुला इंचांची धास्ती आहे, मला अजूनही वाऱ्याची.

शहर लेक इरी या तळ्याच्या ईशान्य टोकाला. तळं जवळजवळ ३९० किलोमीटर लांब. ध्रुवाकडची थंड हवा नैर्ऋत्येकडून त्या न गोठलेल्या पाण्यावरून लांबीभर आली की वाफ उचलते आणि आमच्या डोक्यावर बर्फ ओतते. पट्टा मात्र अरुंद. सिंहगड रोडला धो धो आणि विमाननगर कोरडं ठाक, तसंच. वारा जरा वळला की पट्टा सरकतो. नोव्हेंबर २०२२मध्ये दक्षिणेकडच्या ऑर्चर्ड पार्क या उपनगरात सुमारे ८० इंच पडला, उत्तरेकडची उपनगरं स्वस्तात सुटली. मग सगळ्या शहराला एकच आकडा देणारं अॅप काय कामाचं? नॅशनल वेदर सर्व्हिसचा, म्हणजे इथल्या सरकारी हवामान खात्याचा, सविस्तर अंदाज वाच. वॉच म्हणजे तयारीला लाग, वॉर्निंग म्हणजे घरी बस. सिमला ऑफिसनं, म्हणजे पुण्याच्या वेधशाळेनं, पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवायची, हा पुणेरी विनोद इकडे आणू नकोस. (तिथेही तो आता जुना झालाय.)

तू येईपर्यंत तळं गोठलं, तर हा कारखाना मंदावतो. पण १९७७च्या जानेवारीत ते गोठलेलंच होतं. वाऱ्यानं त्यावर साचलेला भुसभुशीत बर्फ उचलून शहरावर आणला. नवा जेमतेम फूटभर पडला असेल. ब्लिझार्डच्या, म्हणजे हिमवादळाच्या, व्याख्येत बर्फ पडायलाच हवा असं नाहीच मुळी: ताशी ५६ किलोमीटरचा वारा आणि पाव मैलापलीकडचं न दिसणं, सलग तीन तास.

पुण्याचा नीचांक १.७ अंश, तोही १९३५चा. त्या पुंजीवर मी तिबेटी स्वेटरवाल्यांकडचं जाकीट घालून बसस्टॉपवर उभा राहिलो. विणीतून वारा आरपार. श्वासाची वाफ गोठून मफलर पापडासारखा कडक झाला. उणे १८ अंशांत ताशी २४ किलोमीटरचा वारा असला, तर अंगाला उणे २८ लागतं आणि उघडी कातडी अर्ध्या तासात गोठू शकते. तेव्हा जाकीट इथेच घे, वारा अडवणारं.

गाडी बर्फात अडकली तर इंजिन चालू करण्याआधी सायलेन्सरचं तोंड मोकळं कर. नाहीतर कार्बन मोनॉक्साइड आत भरतो, आणि त्याला वास नसतो. घराच्या हीटरची भिंतीबाहेरची नळीही तशीच बघत जा.

जाकिटाची जागा वाचली, तर मेतकूट आण. डिसेंबर २०२२च्या वादळात गाड्या रस्त्यावर आणायला बंदी होती, तेव्हा मी चार दिवस मेतकूट-भातावर काढले.